सोलापूरच्या उन्हात परसबाग: सुरुवात गणपतीनंतर करा

सोलापुरात घरची भाजी पिकवायची ठरवली की पहिला प्रश्न येतो, काय लावू? त्याआधी ठरवायचं ते केव्हा लावू. इथे बाग जमते की हातची जाते, हे बऱ्याच अंशी महिन्यावर ठरतं.

नवखी माणसं हमखास दोन वेळी सुरुवात करतात. एक गुढीपाडव्याला, दुसरी पहिला पाऊस पडल्यावर. पाडव्याला लावलेलं टोमॅटोचं रोप मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात सापडतं. झाड जगलं तरी फूल गळतं, कारण दिवसाचा पारा ३५ च्या वर आणि रात्रही गरम असली की टोमॅटोत फळ धरत नाही. पावसाळ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा. मृगाच्या दोन सरी पडतात, आपण हौसेने बी टाकतो आणि मग तीन-चार आठवडे आभाळ कोरडंच राहतं. शेतकरी उत्तरा आणि हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून रब्बीची तयारी करतो, त्याला कारण आहे. परसबागेनेही त्याच्याच मागे चालावं.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिली लागवड गणपती ते दसरा या काळात करा. पुढचे साडेचार-पाच महिने ऊन सोसवण्याजोगं असतं, रात्री थंड होत जातात, पाणी कमी लागतं आणि चुकलं तर दुसऱ्यांदा पेरायला वेळ उरतो. त्याआधीच्या महिन्यांत करण्यासारखं काम भरपूर आहे, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: पाणी मोजा

उजनीचं पाणी शहरात आलं तरी कित्येक भागांत नळ रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतो. हद्दवाढीकडच्या वसाहतींत बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं. तेव्हा आपल्याकडे किती पाणी उरतं, यावरून बागेचा आकार ठरवायचा.

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. थंडीत भाजीच्या वाफ्याला दिवसाला साधारण चार मिलिमीटर लागतं, मे महिन्यात त्याच्या दुपटीहून जास्त. दहा फूट बाय दहा फुटांची जागा घेतली आणि चालायला वाट सोडली, तर प्रत्यक्ष वाफे साडेपाच चौरस मीटरच्या आसपास भरतात. म्हणजे थंडीत रोज बावीस-पंचवीस लिटर, उन्हाळ्यात पन्नासाच्या घरात. नळ पाच दिवसांनी येत असेल तर थंडीत दोनशे लिटरचा एक पिंप बागेसाठी वेगळा ठेवला की भागतं. उन्हाळ्यात तोच पिंप चार दिवसांत तळ गाठतो. पहिल्या वर्षी याहून मोठी बाग घेऊ नका.

भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी सरळ झाडांना घालता येतं. साबणाचं, भांड्यांचं पाणी पालेभाजीवर नको. ते शेवगा, पपई, कढीपत्ता अशा मोठ्या झाडांच्या बुडाशी सोडावं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी अनेक घरांत बागेला जातं. त्यात क्षार एकवटलेले असतात, म्हणून नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात निम्मं मिसळल्याशिवाय ते वापरू नये.

बोअरचं पाणी खारट असेल तर लक्षणं दिसतात: कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर, पानांच्या कडा करपलेल्या. अशा पाण्यावर घेवडा आणि गाजर नाराज होतात. बीट, पालक आणि गवार त्यामानाने चांगल्या तग धरतात. पाणी बदलता येत नसेल तर भाजी बदलावी.

छताचं पाणी धरता आलं तर फार उत्तम. पाचशे चौरस फुटांच्या छतावर दहा मिलिमीटरची एक सर पडली तरी चारशे लिटर पाणी हाती येतं. पावसाच्या पहिल्या एक-दोन सरींचं घाण पाणी सोडून द्यायचं, मग पिंप पन्हळीखाली. झाकण किंवा बारीक जाळी मात्र हवीच, नाहीतर डास होतात.

दुसरी पायरी: ऊन कुठून येतं ते पाहा

भाजीला रोज सहा तास ऊन हवं, हे खरं. पण ते कुठलं, हे इथे जास्त महत्त्वाचं. सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंतचं ऊन झाडाला मानवतं. पश्चिमेचं, तीननंतरचं, भिंतीवरून आणि फरशीवरून परतणारं ऊन झाड भाजून काढतं. घराच्या पूर्वेची जागा मिळाली तर ती आधी घ्या. सगळीच बाग पश्चिमेला असेल तर त्या कडेला आडोसा उभा करा.

आडोशाला माझी पसंती तुरीला. जून-जुलैत पश्चिमेच्या कडेने तुरीची एक ओळ टोकली की सप्टेंबरपर्यंत ती कमरेच्या वर जाते, कोवळ्या रोपांवर सावली धरते, वारा अडवते आणि थंडीत आमटीला ओल्या तुरीचे दाणे देते. शिवाय तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र पुरवतात. कायमचा आडोसा हवा असेल तर शेवगा लावा. 'पीकेएम-१' ही जात लवकर शेंगा धरते, दरवर्षी छाटली की हाताच्या उंचीत राहते आणि एकदा मूळ धरलं की फार पाणी मागत नाही. सोलापूरच्या हवेला इतकं मानवणारं दुसरं भाजीचं झाड मला माहीत नाही.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. वीस लिटरच्या डब्यात ओली माती भरली की वजन पंचवीस किलोच्या आसपास जातं, म्हणून डबे गच्चीच्या मधोमध न मांडता कडेच्या भिंतींलगत, तुळईवर येतील असे ठेवा. जुन्या वाड्यांच्या माळवदावर कुंड्या नकोतच. त्या ओलीने छत खचतं. सिमेंटची गच्चीही उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकी तापते, तीच धग तळातून मुळांना लागते. प्रत्येक डबा विटांवर उचलून ठेवा, डबे एकमेकांना चिकटून मांडा आणि काळ्या पिशव्या टाळा. काळ्याच असतील तर बाहेरून चुना लावून पांढऱ्या करा.

तिसरी पायरी: माती

कोणाच्या अंगणात काळी चिकण माती असते, कोणाच्या घराखाली नुसता मुरूम. दोन्हीत भाजी येते, तयारी वेगळी.

काळी माती अन्नाने श्रीमंत असते, पण ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा. सप्टेंबरात एका रात्रीत दोन इंच पाऊस पडला की पाणी तुंबून वांग्या-मिरचीची मुळं कुजतात. यासाठी पावसाळ्याच्या शेवटी लागवड गादीवाफ्यावर करायची: अर्धा ते पाऊण फूट उंच, तीन-चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचेल. वाफ्यावर पाय द्यायचा नाही. फेब्रुवारीनंतर उलट करायचं. उन्हाळी भाजी सपाट किंवा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खोल वाफ्यात घ्यायची, म्हणजे घातलेला प्रत्येक तांब्या मुळाशी राहतो.

मुरमाड जागेत फूटभर खोल चर काढा, मोठे खडे वेचा, पोयटा (नदी-ओढ्याच्या गाळाची माती) आणि शेणखत निम्मं-निम्मं भरा. सगळी जागा एकदम करायला जाऊ नका. एक वाफा नीट झाला तरी पहिल्या हंगामाला पुरतो.

खत म्हणून चौरस मीटरला चार-पाच किलो शेणखत पुरेसं आहे, मात्र ते पुरतं कुजलेलं हवं. हातात घेतलं तर भुसभुशीत, मातीसारख्या वासाचं, गरम न लागणारं. अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या घरात येतात आणि मुळं खातात. खत आणलं की पसरून बघा. पांढऱ्या, वळलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून टाका.

आपल्याकडच्या बऱ्याच मातीत चुनखडी असते. मातीच्या ढेकळावर लिंबू पिळून पाहा, बारीक फेस उठला तर चुनखडी आहे असं समजा. अशी माती मुळातच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते, आणि म्हणून एक प्रचलित सल्ला इथे पाळू नये: वाफ्यात चुलीची राख किंवा चुना टाकण्याचा. त्याने विम्लता आणखी वाढते आणि मातीत असलेलं लोहही झाडाला मिळेनासं होतं. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक समजतात पाणी कमी पडलं किंवा युरिया हवा. उपाय आहे फेरस सल्फेटचा: एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, सोबत एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, आणि संध्याकाळी पानांवर फवारणी. आठवड्याने पुन्हा एकदा. दूरचा उपाय मात्र सेंद्रिय खतच, ते दरवर्षी घालत राहायचं.

कुंड्या-डब्यांसाठी नुसती काळी माती कधीच भरू नका, ती विटेसारखी बसते. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि प्रत्येक डब्याला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात क्षार असतात.

आणि मे महिन्यातलं एक काम, ज्याला आपलं ऊन वरदान आहे. रिकामा वाफा खणून भरपूर भिजवा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून पसरा, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच सोडा. आतली माती इतकी तापते की तणांचं बी, मर रोगाची बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी) बऱ्याच प्रमाणात मरतात. थंड प्रदेशात हे इतकं चांगलं साधत नाही. काळं प्लास्टिक इथे चालत नाही, ऊन आरपार जायला हवं.

चौथी पायरी: पहिली लागवड

माझ्या मते नवख्याने एक मुक्काम डोळ्यांपुढे ठेवावा: भोगीची भाजी. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते त्याच दिवसांत भोगी येते. त्या दिवशीच्या भाजीत वांगं, वाल, गाजर, ओला हरभरा असं सगळं पडतं, आणि हे सगळं गणपती-दसऱ्याच्या दरम्यान लावलं तर नेमकं तेव्हा तयार असतं. घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि अंगणातली मिसळ भाजी, इतका सोपा आणि आपला कार्यक्रम दुसरा नाही.

वांगी, मिरची आणि टोमॅटो यांची पहिल्या वर्षी रोपं विकत आणा. रोपवाटिकेत ट्रेमधली रोपं मिळतात. चार-पाच आठवड्यांचं, चार-सहा पानांचं, बुटकं आणि जाड देठाचं रोप निवडा. उंच, किडकिडीत आणि फुलावर आलेलं रोप नको. पान उलटून पाहा. खाली पांढरी माशी किंवा मावा असेल तर तो ट्रेच सोडा. लागवड ऊन उतरल्यावर, चारच्या पुढे करा आणि लगेच पाणी द्या. वांग्याला दोन-अडीच फूट, टोमॅटोला दोन फूट, मिरचीला दीड फूट अंतर ठेवा. सुरुवातीला हे अंतर फार वाटतं आणि मोकळी जागा बघवत नाही. तिथे मेथी किंवा मुळा टाका, वांग्याने हातपाय पसरेपर्यंत ते निघून जातात.

घरातल्या चार माणसांना वांग्याची चार, मिरचीची चार आणि टोमॅटोची सहा झाडं पुरतात. लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांत वांगं सुरू होतं. भरल्या वांग्यासाठी काटेरी किंवा 'मांजरी गोटा' घ्या.

मेथी, पालक, मुळा, गाजर यांचं बी जागेवरच पेरा. फोकून टाकण्यापेक्षा सहा इंचांवर ओळी ओढून पेरलेलं बरं, तण आणि रोप वेगळं ओळखता येतं. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावं, त्याहून खोल नाही. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. ही पहिली मेथी नवख्याला जो धीर देते, तो दुसऱ्या कशाने मिळत नाही, म्हणून ती आधी पेरा आणि दर पंधरा दिवसांनी एक-एक ओळ पेरत राहा. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा. 'पुसा चेतकी' ही जात ऊन सोसते, त्यामुळे सप्टेंबरातही चालते. गाजराला तीन महिने लागतात, ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा आणि उगवल्यावर दोन-तीन इंचांवर विरळणी करा. विरळणी करताना जीव तुटतो, पण दाटीतलं गाजर बोटभरही होत नाही.

कोथिंबिरीला घाई नको. धने रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा आणि ऊन जरा उतरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून पेरा. तापलेल्या मातीत धने नीट उगवत नाहीत.

कुंपणाला वालाचा एक वेल पुरे. हरभऱ्याचे दाणे ऑक्टोबरात टोका. महिन्याभरात शेंडे खुडले की भाजी मिळते आणि झाडाला फुटवेही येतात, मग जानेवारीत घाटे. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी ज्यांच्या घरात होते त्यांनी चिमूटभर करडई एका ओळीत टाकावी. तीही आपल्याच मातीतली, कमी पाण्यावर येणारी.

कोबी आणि फ्लॉवर पहिल्या वर्षी राहू द्या. येतात, पण अळ्या फार, जागा फार आणि एका झाडाला एकच गड्डा.

पेरलेल्या ओळींवर चिमण्या आणि खारी तुटून पडतात. पंधरा दिवस जुन्या साडीचा किंवा जाळीचा आडोसा करा.

पाचवी पायरी: पाणी देणं आणि ओल टिकवणं

पाणी देण्याचं शिक्षण बोटाने होतं. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर द्या. काळ्या मातीत वरचा थर वाळलेला दिसतो आणि आत वाफसा, म्हणजे पुरेशी ओल असते, त्यामुळे नुसतं बघून पाणी दिलं तर ते हमखास जास्त होतं. दुपारी वांग्या-भोपळ्याची पानं मान टाकतात. संध्याकाळी ती उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळी सातलाही पडलेलीच असतील तर मात्र ताबडतोब द्या.

पाणी सकाळी, बुडाशी, सावकाश. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि एका गरम दिवसात झाड माना टाकतं. थंडीत जमिनीतल्या झाडांना दोन-तीन दिवसांआड, पण खोलवर पाणी द्या. डब्यातल्या झाडाला थंडीत रोज लिटरभर, एप्रिल-मेमध्ये दोन ते तीन लिटर, तेही दोन वेळांत विभागून. टोमॅटोला कधी कोरडं, कधी तुडुंब असं केलं की फळाचं बूड काळं पडतं किंवा फळ तडकतं. तो रोग नव्हे, पाण्याच्या अनियमितपणाची खूण आहे.

नळ काही दिवसांनी येणाऱ्या घरांना मडक्याची पद्धत मनापासून सुचवते. कुंभाराकडून चार-पाच लिटरचं, रंग न दिलेलं साधं भाजकं मडकं आणा. वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकण. त्याभोवती फूटभर अंतरात चार झाडं लावा. मडकं झिरपत राहतं आणि माती ओली असेल तर झिरपणं आपोआप कमी होतं. थंडीत दोन-तीन दिवसांनी भरलं तरी चालतं, गावाला जाऊन येता येतं. क्षारांमुळे एक-दोन हंगामांत मडक्याची छिद्रं बुजतात, तेव्हा नवीन घ्यावं लागतं. ठिबकची नळी टाकली तर उत्तमच, पण तिच्या तोट्याही क्षाराने चोंदतात, महिन्यातून एकदा शेवटची टोपी काढून नळी धुवा.

आता आच्छादन. इथल्या परसबागेत एवढं एक काम केलं तरी पाण्याची मोठी बचत होते. आपल्याकडे त्याचा माल फुकटासारखा आहे: उसाचं पाचट, ज्वारीच्या कडब्याचे तुकडे, आणि शेंगाचटणीच्या या गावात शेंगांची टरफलं. रोपं वीतभर झाली की दोन-तीन इंच जाडीचा थर वाफ्यावर पसरा. उन्हाळ्यात चार इंच. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडायची, कारण कोरड्या काडीकचऱ्याला वाळवी लागते आणि ती खोडापर्यंत पोचू नये. टरफलं हलकी असतात, वाऱ्याने उडतात, म्हणून पसरल्यावर एकदा पाणी मारा. हंगाम संपेपर्यंत ती निम्मी कुजून खत झालेली असतात.

जिथे आच्छादन नाही तिथे खुरपं चालवा. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं आपले शेतकरी म्हणतात ते उगीच नाही. वरचा दोन बोटांचा थर मोकळा केला की भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही. सोलापुरात १९३० च्या दशकापासून कोरडवाहू शेतीवर संशोधन होत आलं आहे, आणि ओल मातीतच धरून ठेवायची ही त्यातली मुख्य गोष्ट अंगणातल्या वाफ्यालाही तशीच लागू पडते.

लावल्यापासून तीन आठवड्यांनी प्रत्येक झाडाला दोन मुठी गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड घाला, मातीची भर द्या. पुढे दर तीन आठवड्यांनी तसंच. जीवामृत करायचं असेल तर घरापुरतं प्रमाण असं: दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळा, दोन-तीन दिवसांनी बुडाशी घाला.

कीड आली तर

रोज सकाळी पाच मिनिटं पानांची खालची बाजू बघणं, हे सगळ्या औषधांपेक्षा मोठं काम आहे. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. वांग्याचा कोवळा शेंडा सुकून लोंबताना दिसला तर आत शेंडे-फळ पोखरणारी अळी आहे. शेंडा बोटभर खालून कापून जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. कंपोस्टमध्ये टाकू नका.

निंबोळी अर्क घरीच करा. आपल्याकडे कडुनिंब गल्लोगल्ली आहे. जून-जुलैत खाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचा, गर काढून बिया सावलीत वाळवा आणि डब्यात भरून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, अर्धा चमचा पातळ साबण मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा. दर आठ-दहा दिवसांनी फवारणी केली तर मावा, तुडतुडे, पांढरी माशी आटोक्यात राहतात. आलेली साथ एका फवारणीत जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

मिरचीची पानं वळून बोकड्या आला किंवा भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो विषाणू असू शकतो आणि त्याला औषध नाही. ते झाड उपटा, कितीही जिवावर आलं तरी, कारण पांढरी माशी त्याच झाडावरून शेजारी रोग नेते. भेंडीत 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' ही जात घेतली की हा धोका कमी होतो. पिवळे चिकट सापळे वाफ्यात एक-दोन लावून ठेवा.

वेलभाज्यांत फुलं येतात पण फळ लागत नाही, ही सगळ्यांची तक्रार. सुरुवातीची फुलं बहुधा नरफुलं असतात, ती गळणारच. मादीफुलाच्या मागे बारीक फळाचा आकार दिसतो. मधमाश्या कमी असतील तर नरफूल तोडून त्याचा केसर मादीफुलाला हलकेच लावा. कारलं आणि काकडी यांची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी यांची संध्याकाळी, तेव्हा वेळ त्याप्रमाणे धरा.

जानेवारीनंतर

संक्रांत झाली की उन्हाळ्याचा विचार सुरू करायचा. उन्हाळी भाजीचं बी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मातीत गेलं पाहिजे, म्हणजे ऊन तापेपर्यंत मुळं खोल जातात. गवार ('पुसा नवबहार'), भेंडी, चवळी, काकडी, दोडका या भाज्या मार्च ते मे चालतात. पालेभाजीत तांदुळजा आणि अंबाडी. आपल्या शहरात कन्नड घरांत पुंडीची भाजी आणि तेलुगू घरांत गोंगुऱ्याची चटणी वर्षभर लागते, ती हीच अंबाडी. एका वाफ्यात टाकली तर शेजारीपाजारीही वाटून जाते. घोळ तर न लावता उगवते, ती तण म्हणून उपटून फेकू नका.

मार्चच्या मध्यापासून वाफ्यांवर ५० टक्के सावलीची जाळी बांधा, सात-आठ फूट उंच, म्हणजे खाली हवा खेळते. पश्चिमेची बाजू जमिनीपर्यंत झाका, पूर्वेची उघडी ठेवा. बांबू पक्के रोवा, कारण मेमधले वळवाचे वारे जाळी उचलून नेतात. टोमॅटोची झाडं मार्चअखेर संपतात. त्यांना पाणी पाजत बसण्यात अर्थ नाही, मुळाशी कापून पाला आच्छादनात टाका. रोगट असेल तर बाहेर. वांगं मात्र टिकतं. फेब्रुवारीअखेर फूट-दीड फुटावर छाटा, खत द्या, जाळीखाली ते पुन्हा फुटतं. मिरचीलाही सावलीत ठेवलं तर ती पावसाळा गाठते.

एप्रिल उजाडल्यावर नवीन काही लावू नका. आहे ते जगवायचं आणि रिकाम्या झालेल्या वाफ्यावर प्लास्टिक पसरायचं. पाणी अगदीच तुटलं तर पाळी अशी लावा: आधी शेवगा आणि कढीपत्ता, मग वांगी-मिरची, मग वेल. पालेभाजी सोडून द्या, ती पुन्हा महिन्याभरात उगवेल. पहिला चांगला पाऊस झाला की सगळे डबे उघड्यावर आणा आणि तळाच्या छिद्रांतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या. वर्षभर साचलेले क्षार त्या पाण्याबरोबर निघून जातात. वाफ्यांवर ताग किंवा चवळी दाट पेरा आणि दीड महिन्याने, फुलावर येण्याच्या सुमारास, तिथेच खणून गाडा. ते कुजेपर्यंत गणपती येतात.